दिवा मंद होतोय की चित्र काळवंडतंय? : लिनक्सवरच्या स्क्रीनबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत स्क्रीनच्या तक्रारी सगळ्यात जास्त होत्या. पुस्तकांची पानं लावण्याचं माझं काम रोज लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवरच चालतं (पत्रांतली मिंट आणि उबुंटू ही तिचीच दोन रूपं), त्यामुळे हा विषय माझ्या डोळ्यांचाही आहे आणि पोटापाण्याचाही. सारख्या मजकुराची पत्रं एकत्र करून त्यांतली सहा निवडली आहेत. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना त्या इंग्रजीत आणि स्मॉल लेटर्समध्ये करायच्या.

प्रश्न : ताई, माझा लॅपटॉप दहा-बारा वर्षांपूर्वीचा आहे. भाच्याने त्यावर लिनक्स मिंट २१ टाकून दिलं. बाकी सगळं छान चालतं, पण ब्राइटनेसची बटणं दाबली की पडद्यावरची पट्टी वरखाली होते आणि उजेड मात्र तसूभरही हलत नाही. मग भाच्याने फोनवरून एक्सरँडआर नावाची कमांड सांगितली. तिने स्क्रीन मंद झाली, पण अक्षरं मळकट दिसतात आणि बॅटरी पूर्वीइतकीच लवकर उतरते. संध्याकाळी वीज जाते तेव्हा मुलांच्या चाचण्या मी याच्यावरच तयार करते. काय करू?
— प्राथमिक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : बाई, तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे. बॅटरी तेवढीच उतरते, म्हणजे दिवा तेवढाच जळतोय.

लॅपटॉपच्या स्क्रीनमागे एलईडीचा दिवा असतो, त्याला बॅकलाइट म्हणतात. त्याच्यापुढे एलसीडीची काच असते आणि त्या दिव्याचा किती उजेड पुढे सोडायचा हे तिच्यातला एकेक ठिपका ठरवतो. एक्सरँडआरमधला ‘ब्राइटनेस’ दिव्याला हात लावत नाही, तो ठिपक्यांचे आकडे खाली आणतो. तिथे ०.६ लिहिलंत की २५५ चा पांढरा १५३ चा राखाडी होतो. कंदिलाची वात खाली न करता काचेवर काजळी धरू द्यावी तसं होतं : खोलीत अंधार पडतो, रॉकेल तेवढंच जळतं. अक्षरं मळकट दिसतात तीही यामुळेच, कारण पांढरा आणि काळा यांतलं अंतर कमी झालेलं असतं.

खात्री करायची असेल तर रात्री खोलीतले दिवे मालवा आणि पूर्ण काळं चित्र स्क्रीनभर उघडा. काळ्यातही एक अंधुक उजेड दिसेल. ब्राइटनेस कमी केल्यावर तो उजेडही कमी झाला तर बॅकलाइट खरंच मंद झाला. तो जसाच्या तसा राहिला तर नुसतं चित्र काळवंडलंय. पुढच्या प्रत्येक प्रश्नात मला हेच आधी विचारावं लागणार आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिलं.

आता दुरुस्ती. फाइल मॅनेजर उघडून कंट्रोल आणि एल ही बटणं एकदम दाबा. पत्ता लिहायची जागा येईल. तिथे स्लॅश सिस (एस-वाय-एस), स्लॅश क्लास, स्लॅश बॅकलाइट असं लिहा. तुमच्या वयाच्या लॅपटॉपवर आत बहुधा दोन फोल्डर दिसतील : एक ‘एसीपीआय-व्हिडिओ-शून्य’ आणि दुसरं ‘इंटेल-बॅकलाइट’. दोन्ही म्हणतात की दिव्याचा ताबा माझ्याकडे आहे. पहिलं लॅपटॉपच्या फर्मवेअरमार्फत (यंत्रातच भरलेल्या मूळ प्रोग्राममार्फत) काम करतं, दुसरं थेट ग्राफिक्स चिपशी बोलतं. तुमची बटणं पहिल्याला निरोप देत असावीत आणि तो निरोप दिव्यापर्यंत पोचत नसावा. म्हणून पट्टी हलते, उजेड हलत नाही.

सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘ब्राइटनेससीटीएल’ (शेवटी सी-टी-एल) हे छोटं साधन घ्या. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, सुडो (प्रशासकाचा अधिकार मागणारा शब्द, तो पासवर्ड विचारतो), ब्राइटनेससीटीएल, मग उणे-डी, मग इंटेल अंडरस्कोर बॅकलाइट, मग सेट आणि ४० टक्के असं द्या. खोलीतला उजेड खरोखर उतरला तर निदान पक्कं झालं. आकडा शून्य मात्र देऊ नका, काही लॅपटॉपवर शून्यावर दिवा पूर्ण विझतो आणि मग कमांड परत लिहायलाही काही दिसत नाही.

कायमचा उपाय कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, एक शब्द सांगण्याचा आहे. तो आधी एका वेळेपुरता करून पाहा. लॅपटॉप सुरू होताना एस्केप दाबून (जुन्या बायोसवर शिफ्ट धरून) ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेन्यू आणा, पहिल्या ओळीवर ई दाबा, ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ‘एसीपीआय अंडरस्कोर बॅकलाइट बरोबर नेटिव्ह’ असं लिहा. या शब्दांत कुठेही जागा सोडायची नाही आणि ‘बरोबर’ म्हणजे बरोबरचं चिन्ह. मग एफ-१० दाबा. असं केलेलं पुढच्या वेळी आपोआप पुसलं जातं, त्यामुळे भिण्याचं कारण नाही. बटणं चालू लागली तर भाच्याला सांगा की हेच शब्द ईटीसी, डिफॉल्ट, ग्रब या फाइलमध्ये घाल आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालव. नेटिव्हने जमलं नाही तर त्याच जागी ‘व्हेंडर’ करून पाहा. आणि एक्सरँडआरची कमांड पुन्हा १ देऊन आधी पूर्ववत करा, नाहीतर दोन्ही एकावर एक चढतील.

दिवा चाळीस टक्क्यांवर आला की वीज गेल्यावर हाती लागणारा वेळ तुम्हाला लगेच वाढलेला दिसेल. लॅपटॉपवर नुसतं लिहीत बसलं तर बॅटरी खाणाऱ्यांत स्क्रीनचा दिवा वरच्या नंबरावर असतो.

एक्सरँडआर अगदीच टाकाऊ आहे असं मात्र नाही. बरेच एलईडी दिवे मंद करताना खरं तर भराभर चालू-बंद होत असतात आणि काहींना त्याचाच त्रास होतो, डोकं चढतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात शटरचा वेग वाढवून स्क्रीनकडे पाहिलंत आणि पट्टे सरकताना दिसले, तर तुमचा दिवा त्यातला आहे. अशांनी दिवा बराच वर ठेवून चित्र थोडं काळं करावं. बॅटरी जाते, पण डोकं शांत राहतं.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. जुना डेस्कटॉप आणि त्याला सेकंडहँड २२ इंची मॉनिटर घेतला. उबुंटू २४.०४ आहे. मित्राच्या लॅपटॉपवर ब्राइटनेसचा स्लायडर आहे, माझ्याकडे तो कुठेच नाही. ड्रायव्हर राहिला आहे का? रात्री दोनपर्यंत वाचताना पडदा डोळ्यांत घुसतो.
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : ड्रायव्हर काही राहिलेला नाही. लॅपटॉपचा दिवा त्याच लॅपटॉपच्या वायरिंगमध्ये असतो, तुझ्या मॉनिटरचा दिवा मात्र मॉनिटरच्या स्वतःच्या सर्किटच्या ताब्यात आहे. तुझ्या उबुंटूला तो दिसतच नाही, म्हणून स्लायडर नाही.

आज रात्रीसाठी मॉनिटरच्या खालच्या कडेची बटणं वापर. मेन्यूमध्ये जाऊन आधी ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ आणि ‘इको’ अशी नावं असलेलं सगळं बंद कर, कारण ते तुझ्या पाठीमागे उजेड बदलत राहतं. कॉन्ट्रास्ट मूळ आकड्यावर राहू दे, फक्त ब्राइटनेस उतरव. किती? टेबलावरचा दिवा लाव, पांढरा कोरा कागद स्क्रीनला लागून धर आणि स्क्रीनवर पांढरं पान उघड. स्क्रीन कागदापेक्षा झगझगीत वाटली तर अजून खाली आण. कागदच जास्त उजळ दिसू लागला तर थोडी वर ने. मी माझ्या टेबलावर हेच करते, आणि दिवसा खिडकीतून ऊन येतं तेव्हा आकडा वेगळा असतो, रात्री वेगळा.

रोज बटणं दाबायचा कंटाळा येणार, तर केबलमधूनच मॉनिटरला निरोप देता येतो. चित्राच्या तारांबरोबर त्या केबलमध्ये एक संथ, छोटी बोलण्याची तारही असते. तिच्यावरून बोलायच्या ठरलेल्या भाषेला डीडीसी-सीआय म्हणतात. बऱ्याच मॉनिटरना ती समजते. काहींच्या मेन्यूत ती बंद करून ठेवलेली असते, तेवढी चालू कर. मग ‘डीडीसीयुटिल’ हे पॅकेज घे. ‘सुडो डीडीसीयुटिल डिटेक्ट’ म्हटल्यावर मॉनिटरचं नाव आलं की तू जिंकलास. त्यानंतर ‘सुडो डीडीसीयुटिल सेटव्हीसीपी १० ३५’ म्हटलं की ब्राइटनेस ३५ वर येतो. यातला १० हा ब्राइटनेसचा ठरलेला क्रमांक, १२ कॉन्ट्रास्टचा. हे दोन क्रमांक सोळाच्या पाढ्याने मोजलेले आहेत, पण तुला ते जसेच्या तसे लिहायचे आहेत. अशा दोन ओळी एकेका शॉर्टकट बटणाला जोडून ठेव, एक दिवसाची आणि एक रात्रीची. बटणाला जोडताना सुडो चालत नाही, कारण पासवर्ड विचारायला तिथे जागाच नसते. नव्या पॅकेजमध्ये बहुधा सुडोशिवायच चालतं. नाही चाललं तर स्वतःच्या युजरला ‘आय-टू-सी’ (मध्ये आकडा २) ग्रुपमध्ये घाल आणि लॉगआउट करून परत ये.

मॉनिटर सापडलाच नाही तर आधी केबलकडे बघ. एचडीएमआय ते व्हीजीए असा स्वस्त कन्व्हर्टर मध्ये असेल तर तो चित्र पुढे पाठवतो आणि हा निरोप बहुतेक वेळा गिळतो. सेकंडहँड मॉनिटरबरोबर तो येतोच. शक्य असेल तर सरळ डीव्हीआय किंवा एचडीएमआय केबल लाव.

आणि दोन वाजता झोप. हे स्क्रीनबद्दल नाही, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

प्रश्न : मी निवृत्त झालो, संध्याकाळी पीडीएफ वाचतो. मिंट २१ वर रेडशिफ्ट होतं, सूर्यास्तानंतर पडदा आपोआप पिवळसर होई. हल्ली ते होत नाही, ‘लोकेशन मिळत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. मी तर घर बदललेलं नाही!
— एक ज्येष्ठ वाचक, सांगली

उत्तर : काका, तुमच्याकडचं काही बिघडलेलं नाही. सूर्यास्त कधी हे काढायला रेडशिफ्टला तुमचं ठिकाण लागतं आणि ते ठिकाण फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाच्या एका सेवेकडून मिळत असे. ती सेवा २०२४ मध्ये बंद झाली. तेव्हापासून अनेकांचं हेच झालंय.

घर हलत नसेल तर ठिकाण विचारायचंच कशाला? होम फोल्डरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलंत की लपलेले फोल्डर दिसतात. त्यात ‘डॉट कॉन्फिग’च्या आत ‘रेडशिफ्ट डॉट कॉन्फ’ ही फाइल असेल, नसेल तर नवी करा. वर चौकोनी कंसात ‘रेडशिफ्ट’, खाली ‘लोकेशन-प्रोव्हायडर बरोबर मॅन्युअल’. पुढे चौकोनी कंसात ‘मॅन्युअल’, त्याखाली ‘एलएटी बरोबर १६.८५’ आणि ‘एलओएन बरोबर ७४.५७’. हे सांगलीचे अक्षांश-रेखांश. आकडे मात्र इंग्रजी टाका. रेडशिफ्ट बंद करून पुन्हा सुरू करा.

त्याच फाइलमध्ये ‘ब्राइटनेस-नाइट’ अशी ओळ कुणी घालून दिली असेल तर ती काढा. तीही दिवा सोडून चित्रच काळं करते. चिपळूणच्या बाईंना लिहिलंय ते वाचा.

मिंट २२.१ पासून सिनॅमन या मिंटच्या डेस्कटॉपमध्ये स्वतःचा नाइट लाइट (पडदा पिवळसर करणारी सोय) आला आहे आणि रेडशिफ्ट सोबत येत नाही. पुढे नवी आवृत्ती घ्याल तेव्हा तिथे सूर्यास्ताऐवजी सरळ वेळ लिहा, संध्याकाळी सात ते सकाळी सहा. रंगाचा आकडा केल्व्हिनमध्ये असतो : ६५०० म्हणजे दिवसाचा पांढरा, २७०० च्या आसपास घरातल्या पिवळ्या बल्बचा. वाचायला मला ४००० च्या जवळपास बरं वाटतं. त्याहून खाली गेलं की पानांवरच्या निळ्या खुणा आणि काळी अक्षरं वेगळी काढायला त्रास होतो. एवढ्याने झोप चांगली लागेल असं आश्वासन मी देणार नाही. निळा उजेड झोपेच्या संप्रेरकाला अडवतो हे खरं, पण एकूण उजेड किती यालाही तेवढंच महत्त्व आहे. पिवळा करून ब्राइटनेस पूर्ण ठेवलात तर फारसं काही साधत नाही.

प्रश्न : छोटा मिनी-पीसी एचडीएमआयने टीव्हीला जोडलाय. सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं, काळा रंग राखाडी. टीव्हीचा ब्राइटनेस कमी केला तर सगळंच अंधारतं. त्याच टीव्हीवर सेट-टॉप बॉक्सचं चित्र झकास आहे.
— बंगळूरचे एक मराठी वाचक

उत्तर : ब्राइटनेसला हात लावू नका, तो परत होता तिथे न्या. इथे दोघांच्या मोजण्यात फरक पडलाय. कॉम्प्युटरच्या जगात काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे २५५. टीव्हीच्या जगात जुन्या प्रथेने काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर. तुमचा मिनी-पीसी समोर टीव्ही आहे असं पाहून १६ वाला काळा पाठवतोय आणि टीव्ही त्या सॉकेटवर ० ची वाट बघतोय. त्याला १६ म्हणजे राखाडी.

टीव्हीच्या मेन्यूत त्या सॉकेटसाठी ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ किंवा ‘आरजीबी रेंज’ असं काहीतरी सापडेल, ते बदलून पाहा. किंवा कॉम्प्युटरकडून बदला : केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप वेलँडवर (पडद्यावर चित्र मांडणाऱ्या नव्या यंत्रणेवर) चालत असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ‘आरजीबी रेंज’ आहे, तिथे ‘फुल’ निवडा. इंटेलचं ग्राफिक्स आणि एक्स-११ (वेलँडच्या आधीची यंत्रणा) असेल तर एक्सरँडआरला ‘ब्रॉडकास्ट आरजीबी’ हा गुणधर्म ‘फुल’ करायला सांगता येतं (इथे मात्र ब्रॉडकास्टचा बी, आरजीबी आणि फुलचा एफ कॅपिटल). दोनपैकी एकाच ठिकाणी बदला. दोन्हीकडे बदललंत तर गाडी उलट्या दिशेला जाते आणि मग काळ्या केसांतली बट न् बट एक होऊन नुसता डाग दिसतो.

प्रश्न : मी पुस्तकांची मुखपृष्ठं करतो. गिंप, इंकस्केप, स्क्रायबस, सगळं लिनक्सवर. एका कवितासंग्रहाचं कव्हर गडद निळं केलं होतं. छापून आलं ते जांभळं आणि काळपट. प्रकाशक नाराज, प्रेसवाले म्हणतात फाइलमध्येच तसं होतं. लिनक्सवर रंग विश्वासाने पाहताच येत नाहीत का?
— मुखपृष्ठकार, कोल्हापूर

उत्तर : पाहता येतात आणि नीट पाहता येतात. तुमच्या कव्हरला दोन वेगवेगळे आजार झाले होते, ते आधी सुटे करू.

काळपट आलं त्याचं कारण जवळजवळ नेहमी मॉनिटरचा फाजील उजेड असतो. दुकानात उठून दिसावा म्हणून तो भगभगीत करूनच येतो. अशा पडद्यावर गडद निळ्याच्या आतल्या छटाही खुलून दिसतात, कागद मात्र स्वतः उजळत नाही. शिवाय तुम्ही मॅट लॅमिनेशन केलं असेल तर गडद रंग आणखी एक पायरी बसतात. म्हणून पहिलं काम : मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून, वर नांदेडच्या विद्यार्थ्याला सांगितलेली कोऱ्या कागदाची चाचणी करा. कागद नॅचरल शेड (पिवळसर) घेऊ नका, कव्हरचा जो आर्टकार्ड आहे त्याचाच तुकडा घ्या. मोजायचं यंत्र असेल तर उजेड चौरस मीटरला १२० कँडेलाच्या आसपास, रंग ६५०० केल्व्हिन, गॅमा (मधल्या छटा किती उजळ याचं माप) २.२. मॉनिटरवर ‘एसआरजीबी’ असा तयार मोड असेल तर तिथून सुरुवात करा. कामाच्या वेळी नाइट लाइट बंद.

जांभळं आलं हा दुसरा आजार आणि त्यात मॉनिटरचा दोष नाही. पडद्यावरचा शुद्ध निळा ऑफसेटच्या चार शाईंत बसतच नाही. रूपांतर करताना सायन (आकाशी शाई) आणि मॅजेंटा (गडद गुलाबी शाई) दोन्ही शंभराजवळ जातात आणि एवढा मॅजेंटा पडला की निळा जांभळ्याकडे कलतो. निळा निळाच राहायला हवा असेल तर मॅजेंटा सायनपेक्षा निदान तीस टक्क्यांनी खाली ठेवा. हे स्क्रायबसमध्ये थेट चार शाईंच्या आकड्यांत लिहा. प्रेसचा छापील शेडकार्ड असतो, त्यातला चौकोन बोटाने दाखवून ठरवा. स्क्रायबस, क्रिता आणि गिंप, तिघांतही सॉफ्ट-प्रूफ, म्हणजे छापल्यावर रंग कसे दिसतील ते पडद्यावरच दाखवायची सोय, आहे. प्रेसवाल्यांकडून त्यांचं आयसीसी प्रोफाइल (त्यांच्या छपाईच्या रंगांचं वर्णन करणारी फाइल) मागून घ्या आणि ते लावून पाहिलंत की तो झगझगीत निळा पडद्यावरच विझलेला दिसेल. तेव्हा वाईट वाटतं, पण पाचशे कव्हरं छापून झाल्यावर वाटण्यापेक्षा बरं.

आता मोजण्याबद्दल. हे काम तुम्ही रोजीरोटी म्हणून करता, तर कलरिमीटर नावाचं छोटं यंत्र घ्याच, किंवा दोघातिघांत मिळून घ्या. ते पडद्यावर टेकवून ठेवायचं, सॉफ्टवेअर एकेक रंगाचे चौकोन दाखवत जातं आणि यंत्र प्रत्यक्ष काय उजेड आला ते मोजतं. लिनक्सवर यासाठी ग्रॅम गिल यांचं आर्गिल आणि त्यावर बांधलेलं डिस्प्लेकॅल अशी जोडी आहे. मुक्त सॉफ्टवेअर आहे, पैसे फक्त यंत्राचे. काही वर्षांपूर्वी रिचर्ड ह्यूज यांनी तर कलरहग नावाचं असं यंत्रच खुल्या आराखड्यावर केलं होतं. नोम या डेस्कटॉपमधल्या ‘कलर’ सेटिंगमागे जे कलरडी काम करतं, तेही त्यांचंच. रंगाबद्दल एवढी आस्था असलेली माणसं या बाजूला आहेत, म्हणून ‘लिनक्सवर रंग दिसत नाहीत’ हे ऐकलं की मला लागतं.

डिस्प्लेकॅल चालवताना लॉगिनच्या पडद्यावरून एक्स-११ चं सेशन निवडा, वेलँडवर अजून अडचणी येतात. हाती येणाऱ्या प्रोफाइलमध्ये दोन भाग असतात. एक ग्राफिक्स कार्डात चढतो आणि सगळ्या पडद्याचा कल सरळ करतो. दुसरा भाग म्हणजे तुमच्या मॉनिटरचा रंगांचा नकाशा, तो गिंप, क्रिता, स्क्रायबस यांच्यासारखी प्रोफाइल वाचणारी सॉफ्टवेअरच वापरतात. म्हणून तेच चित्र साध्या इमेज व्ह्यूअरमध्ये थोडं निराळं दिसलं तर गडबडून जाऊ नका, गिंपवर विश्वास ठेवा. प्रोफाइल झाल्यावर मॉनिटरची बटणं हलवायची नाहीत. हलवलीत तर ते प्रोफाइल त्या पडद्याचं राहत नाही. घरात लहान मुलं असतील तर मॉनिटरचा मेन्यू लॉक करायची सोय असते, ती वापरा.

आणि प्रेसचा प्रूफ ट्यूबलाइटखाली पसंत करू नका. तो बाहेर सावलीत, दिवसाच्या उजेडात न्या.

प्रश्न : नवा लॅपटॉप, एएमडीचा प्रोसेसर, उबुंटू २४.०४. चार्जर काढला की काही वेळाने रंग फिके पडतात, त्वचेचा रंग विचित्र दिसतो. चार्जर लावला की पूर्ववत. पॅनेल सदोष आहे का? दुकानदार बदलून द्यायला तयार नाही.
— एक छायाचित्रकार, मडगाव

उत्तर : पॅनेल बदलू नका, ते चांगलं आहे. एएमडीच्या ग्राफिक्समध्ये बॅटरी वाचवण्याची एक युक्ती आहे : दिवा थोडा मंद करायचा आणि तो मंद झालेला कळू नये म्हणून चित्राचे आकडे वर ढकलायचे. म्हणजे इथे दिवा आणि चित्र दोन्ही एकाच वेळी, उलट दिशांना हलतात. पत्रव्यवहाराला चालतं, पण फोटोतल्या त्वचेच्या नाजूक छटा त्यात जातात. पॉवर मोड सांभाळणारी जी सेवा उबुंटूत आहे ती २०२४ पासून बॅटरीवर असताना हे आपणहून चालू करते.

सेटिंग्जमध्ये पॉवरमध्ये जाऊन ‘परफॉर्मन्स’ निवडा, तेवढ्याने रंग जागेवर यायला हवेत. कायमचं बंद करायचं तर चिपळूणच्या पत्रात सांगितलेल्या ग्रबच्याच जागी ‘एएमडीजीपीयू डॉट एबीएमलेव्हल बरोबर ०’ हा शब्द घाला. बॅटरी थोडी कमी पुरेल. लग्नाच्या हॉलमध्ये बसून जागच्या जागी फोटो निवडून द्यायचे असतील, तर तेवढी किंमत द्यायला हरकत नाही.